मारुती कुठवर बुडाला?

नाशिककराला पुराचे माप विचारले तर तो फुटांत सांगत नाही. तो उलट आपल्यालाच विचारतो, "मारुती कुठवर आलाय?" रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती ही आमची मोजपट्टी. पाय भिजले, गुडघे बुडाले, कमरेला पाणी लागले, गळ्याशी आले, अशी पुराची चढती भाजणी ह्या गावात लहान मुलालाही कळते. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो डोक्यासकट बुडाला होता. त्याहून वरची खूण म्हणजे नारोशंकराची घंटा. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर ही पोर्तुगीज घंटा मराठ्यांकडे आली. तिला पाणी लागले म्हणजे महापूर, असे जुनी मंडळी सांगत.

आता ह्याच पुराकडे दुसऱ्या दोघांच्या नजरेने पाहू. गंगापूर धरणावरचा अभियंता सांगतो, "इतके हजार क्युसेक सोडले." क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर, तेव्हा दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर पाणी. आणि मदतीला बोलावलेला लष्कराचा जवान, जो कदाचित पंजाबचा असेल किंवा तमिळनाडूचा, त्याला ना मारुती ठाऊक, ना क्युसेकचा काही उपयोग. तो विचारतो, "नकाशावर कुठे? माणसे किती? नाव कुठवर जाईल?"

एकच पूर, आणि त्याच्या तीन भाषा. नागरी यंत्रणा आणि लष्कर ह्यांनी संकटकाळी एकत्र काम करायचे म्हणजे काय करायचे, हा प्रश्न मला ह्या तीन भाषांतून दिसतो, आणि म्हणूनच कला शाखेची विद्यार्थिनी असूनही मी त्यावर लिहायला बसले आहे. विज्ञान शाखेतल्या माझ्या एका मित्राने विचारलेच, "तुम्हा लोकांना बिनतारी यंत्रांतले काय कळते?" फारसे कळत नाही, हे कबूल. पण घोटाळा पुष्कळदा यंत्रात नसून शब्दात असतो, आणि शब्द हा तर आमचाच प्रांत!

मी राहते इंदिरानगरला. आमच्याकडे लष्कर ही काही परेडमध्ये पाहायची गोष्ट नाही. एका बाजूला देवळाली. फाळणीनंतर तोफखान्याची शाळा काकूलहून तिथे आली, आणि सराव चालू असला की आमच्या खिडक्यांची तावदाने हलतात. दुसऱ्या बाजूला गांधीनगरचा विमानतळ. तिथे सैन्याच्या हवाई दलाचे वैमानिक शिकतात, त्यामुळे चेतक आणि चीता ही हेलिकॉप्टरे आवाजावरून ओळखणारी मुले आमच्या गल्लीत आहेत. निवृत्त फौजीही पुष्कळ. आमच्या शेजारी राहणारे सुभेदारकाका तोफखान्यातलेच. ह्या लेखातली बरीचशी विद्या त्यांच्या ओसरीवरची आहे.

काकांनी मला पहिल्यांदा शिकवला तो नकाशावरचा चौकोन. पन्नास हजारास एक ह्या प्रमाणाच्या नकाशावर एक किलोमीटरचे चौकोन आखलेले असतात. जागा सांगायची तर सहा आकडे सांगायचे. पहिले तीन आकडे पूर्वेकडे किती गेलो ते दाखवतात, पुढचे तीन उत्तरेकडे. "आधी आडवं चालायचं, मग उभं चढायचं. उलटं केलंस तर दुसऱ्याच गावात जाशील," असे ते म्हणत. सहा आकड्यांनी शंभर मीटरपर्यंतची जागा सांगता येते. तोफ डागणाऱ्याला त्याचे महत्त्व सांगायला नकोच. पण छपरावर अडकलेल्या कुटुंबापर्यंत नाव न्यायची असेल तरी ते तितकेच खरे.

मी म्हटले, "काका, आता फोनच अक्षांश-रेखांश सांगतो, हे आकडे कशाला?" त्यांनी हसून एक गंमत दाखवली. आमचे घर साधारण १९ अंश ५८ मिनिटे उत्तर आणि ७३ अंश ४७ मिनिटे पूर्व ह्या ठिकाणी येते. हेच कोणी घाईत फोनवर "एकोणीस अठ्ठावन्न, त्र्याहत्तर सत्तेचाळीस" असे सांगितले, आणि ऐकणाऱ्याने ते १९.५८ आणि ७३.४७ असे दशांशात लिहिले, तर? एका अंशात साठ मिनिटे असतात, शंभर नव्हे. नकाशावर बोट ठेवून पाहिले तर मी कसारा घाट उतरून कोकणात, शहापूर तालुक्यात पोहोचले होते. पन्नासहून अधिक किलोमीटरची चूक! सांगणारा खोटे बोलला नाही, ऐकणाराही बहिरा नव्हता. दोघांनी आधी बसून लिहिण्याची रीत ठरवली नव्हती, एवढेच.

ह्यात आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार भारतीय सर्वेक्षण विभागाने नकाशांच्या दोन मालिका केल्या, एक संरक्षणासाठी आणि एक सर्वांसाठी खुली. सीमेचे रक्षण करायचे तर त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. परंतु पुराच्या रात्री तहसीलदार आणि कॅप्टन एकाच टेबलाशी बसले आणि दोघांसमोर वेगवेगळे कागद असले, तर पहिला अर्धा तास कागद जुळवण्यातच जायचा. २०२१ नंतर नकाशांवरची बंधने पुष्कळ सैल झाली, हे चांगलेच झाले.

वाचकांपैकी बऱ्याच जणांचा समज असेल (माझाही होता) की लष्कर आले म्हणजे सगळा कारभार लष्कराच्या हाती जातो. तसे नाही. आपल्याकडे लष्कर येते ते नागरी सत्तेच्या मदतीला. जिल्ह्यात संकट आले की सूत्रे जिल्हाधिकाऱ्याकडे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपदही त्यालाच दिले आहे. काम काय, कुठे आणि किती हे तो सांगतो. ते कसे करायचे हे तुकडीचा अधिकारी ठरवतो, आणि जवान हुकूम मानतात तो आपल्याच अधिकाऱ्याचा. आता ह्या दोन पायऱ्यांच्या मधोमध २००६ साली उभे राहिलेले राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले, ज्याची एक बटालियन पुण्याजवळ आहे; राज्याचे दल धुळ्याला आहे; शिवाय पोलीस, अग्निशामक दल, महापालिका, रेल्वे. प्रत्येकाजवळ आपापला बिनतारी संच. पोलिसांची लहर निराळी, अग्निशामकांची निराळी, आणि लष्कराचे बोलणे तर मुद्दामच असे संकेतबद्ध की दुसऱ्याला ऐकू जाऊ नये. युद्धात जी गोष्ट शहाणपणाची, तीच पुरात आडवी येते.

मग ही सगळी बोलतात कशी? फार जुन्या पद्धतीने. लष्कराचा एक संपर्क अधिकारी आपला संच घेऊन जिल्हाधिकाऱ्याच्या नियंत्रण कक्षात येऊन बसतो. डाव्या कानाने मराठी ऐकतो, उजव्या बाजूला हिंदी-इंग्रजीत सांगतो. ह्या उपायाला मी हसणार नाही, कारण तो चालतो. पण सगळ्या जिल्ह्याची हाक एका माणसाच्या कानातून जाते, आणि त्या माणसाला झोपही लागते.

थोडा इतिहास पाहू. १९६१ च्या जुलैत पानशेत धरणाला धोका दिसू लागला तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून बांध धरून ठेवला. १२ जुलैला सकाळी धरण फुटले. ते मध्यरात्री फुटते तर पुण्यात किती माणसे झोपेतच गेली असती, ह्याची कल्पना करवत नाही. जवानांनी शहराला काही तास मिळवून दिले. पण पुणेकरांना पुरेशी सूचना वेळेवर मिळाली नाही, ही तक्रार आजही जुन्या पुणेकरांच्या तोंडी आहे. धरणावर एका हाताने वेळ मिळवला आणि तो खर्च करायला शहरात दुसरा हातच नव्हता.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास झाला. आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी होती. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. जवान ढिगारे उपसायला आले, स्वयंसेवक आले, आणि पाठोपाठ साऱ्या महाराष्ट्रातून माणसांचा आणि गाड्यांचा लोंढा आला. मदतीची इच्छा अपार. पण कुठल्या गावाला काय हवे ह्याची यादी एका जागी कुठे असणार? रस्ते तुंबले आणि जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, हे आपण शाळेत वाचतो. त्या पुनर्वसनाच्या कार्यक्रमातूनच महाराष्ट्राने आपत्ती व्यवस्थापनाचा राज्यव्यापी आराखडा केला, जिल्ह्याजिल्ह्यांत नियंत्रण कक्ष उभारले आणि ते उपग्रहाद्वारे व बिनतारी संचांनी मुंबईशी जोडले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. घरे दिसतात, तारा दिसत नाहीत!

आता २०१९. त्या वर्षी २७ जुलैला मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. आत सुमारे १०५० प्रवासी होते, त्यांत गरोदर स्त्रिया होत्या. आपत्ती प्रतिसाद दलाच्या नावा, नौदलाचे पाणबुडे, वायुदलाची हेलिकॉप्टरे, लष्कराच्या तुकड्या, पोलीस, रेल्वे आणि आसपासच्या गावांतले लोक, सगळे तिथे आले आणि सगळे प्रवासी सुखरूप निघाले. हे काम इतके नीट कसे जमले? मला वाटते, एक मोठे कारण अगदी साधे होते. जागा एकच होती आणि ती सर्वांना दिसत होती. पाण्यात उभी असलेली आगगाडी कुठल्या चौकोनात आहे, असे कोणाला विचारावे लागत नाही. किती माणसे, ह्याचाही साधारण अंदाज रेल्वेजवळ होता.

दोनच आठवड्यांत सांगली-कोल्हापूरला कृष्णा आणि पंचगंगा चढल्या, आणि तिथे ह्यातले काहीच सोपे नव्हते. शेकडो गावे, प्रत्येक गावाची वेगळी वाट, वीज गेलेली, फोन बंद पडत चाललेले. मदतीला नौदल होते, लष्कर होते, वायुदल आणि तटरक्षक दल होते. तरीही ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली गावची नाव उलटली आणि माणसे बुडाली. आपल्याकडे नाव कधी येणार हे कळत नसेल तर पुढ्यात दिसेल त्या नावेत माणूस बसतोच. त्याला दोष कसा द्यावा?

ह्याच आठवड्यातली माझी एक गोष्ट सांगते. ती सांगायला मला अजूनही संकोच वाटतो. मी तेव्हा नववीत होते. नाशिकचा पूर नुकताच ओसरला होता, आणि आईच्या फोनवर एक निरोप आला: अमुक गावात छपरावर आठ माणसे, त्यांत एक बाळंतीण, कृपया पुढे पाठवा; खाली एका माणसाचा क्रमांक. मी तो आईच्या सगळ्या गटांवर पाठवला. बाबांनी तर त्या क्रमांकावर फोनच लावला. बऱ्याच वेळाने तो लागला. पलीकडचा माणूस अगदी थकलेल्या आवाजात म्हणाला, "साहेब, आम्ही मंगळवारीच निघालो. आज शुक्रवार. तुमच्यासारख्यांचे फोन थांबंनात. शाळेत एकच बटण आहे चार्जिंगला, सगळ्या गावाला पाळी लावलीय. माझी बॅटरी ह्यातच संपती. भाऊ पलीकडच्या गावात आहे, त्याचा फोन आला तर मला लागायचा नाही."

बाबांनी माफी मागून फोन ठेवला. मी निरोप पुसून टाकला, पण तो तर केव्हाच पुढे गेला होता. त्या निरोपात सगळे होते, करुणा होती, क्रमांक होता. फक्त तारीख नव्हती, आणि काम झाल्यावर तो मिटवण्याची सोय नव्हती. तो भाऊ भेटला की नाही, ते आम्हाला कधीच कळले नाही.

ही गोष्ट मनात असल्यामुळेच, पुढे ह्या विषयावर वाचताना मला यंत्रांपेक्षा यादीचे महत्त्व जास्त वाटू लागले. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेतल्या संगणकतज्ज्ञ स्वयंसेवकांनी 'सहाना' नावाची प्रणाली बनवली आणि ती कोणालाही मोफत वापरण्यास खुली ठेवली. तिच्यात चमत्कार काहीच नाही. हरवलेल्या माणसांची एक वही, छावण्यांची एक, मदत करणाऱ्या संस्थांची एक आणि मागण्यांची एक. फरक इतकाच की ह्या वह्या एकाच वेळी पुष्कळांना उघडता येतात, आणि एकाने ओळ भरली की ती दुसऱ्यालाही दिसते. कुठे, केव्हा कळले, किती माणसे, कोणी हाती घेतले, पुरे झाले की नाही: माझ्या त्या निरोपाला हे पाच रकाने असते तर तो मंगळवारीच मिटला असता. २०१८ च्या केरळच्या महापुरातही सरकार आणि स्वयंसेवक ह्यांनी मिळून मागण्यांची अशी सामाईक यादी संकेतस्थळावर चालवली होती.

लष्कराला अशा उघड्या वहीत ओढायचे कसे, हा खरा अवघड भाग. आपली तुकडी कुठे आहे, इंधन किती आहे, हे सैनिक चव्हाट्यावर लिहिणार नाही, आणि लिहूही नये. त्यावर तोड अशी की वही नागरी बाजूला ठेवायची. लष्कराने ती वाचायची आणि आपल्या हालचाली न लिहिता फक्त "ही ओळ आम्ही घेतली" आणि "ही पुरी झाली" एवढ्याच खुणा करायच्या. २००० साली अमेरिकेच्या नौदलातले एक डॉक्टर, एरिक रासमुसेन, ह्यांच्या पुढाकाराने हवाई बेटावर 'स्ट्राँग एंजल' नावाचा सराव झाला. २००४ आणि २००६ साली तो पुन्हा झाला. सैनिक, मदत संस्था आणि संगणकवाले ह्यांना संकट नसताना एकत्र आणायचे, आणि कोणाचे यंत्र कोणाशी बोलत नाही ते तिथेच उघडे पाडायचे, ही त्यामागची कल्पना. खऱ्या पुरात शोध लावण्यापेक्षा हे बरे.

युद्ध चालू असलेल्या देशांत मदत संस्था सैनिकांपासून जाणूनबुजून अंतर राखतात, कारण गणवेशाशेजारी दिसले की समोरचा पक्ष त्यांनाही शत्रू मानतो. आपल्या पुरात ती भीती नाही. जवान दिसला की लोकांना धीर येतो. मात्र कोणत्या घरात कोण एकटी बाई आहे, कोणाचे घर रिकामे आहे, हेही त्या उघड्या वहीत येते. ती कोणी पाहावी आणि पूर ओसरल्यावर तिचे काय करावे, ह्याचा विचार आधी व्हायला हवा. तो झालेला मला फारसा आढळला नाही.

नव्या साधनांपैकी दोन मला आश्वासक वाटतात. २०२३ साली सरकारने चाचणी घेतली तेव्हा कित्येकांचे फोन एकदम किंचाळले होते. तो इशारा मनोऱ्यावरून त्या भागातल्या सर्व फोनना एकाच वेळी जातो, त्यासाठी कोणाचा क्रमांक ठाऊक असावा लागत नाही. दुसरे, २०२५ साली टपाल खात्याने आणलेला 'डिजिपिन'. साऱ्या देशाचे सुमारे चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षर-अंकांचा संकेत दिला आहे. सुभेदारकाकांना तो दाखवला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आमचेच सहा आकडे, पण सगळ्यांना वाटलेले!"

हे सर्व नाशिकला आता का हवे? २०२७ च्या पावसाळ्यात सिंहस्थाची पर्वस्नाने आहेत. म्हणजे लाखो परगावची माणसे नेमकी त्या दिवसांत रामकुंडावर उभी राहणार, ज्या दिवसांत गंगापूरचे दरवाजे उघडतात. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन माणसे गेली, ती पुरावाचून. २०१५ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने मूळचे नाशिकचे आणि एमआयटीत संशोधन करणारे रमेश रासकर ह्यांनी 'कुंभथॉन' हा उपक्रम इथे केला, आणि त्यातून गर्दीची पावले मोजणारी 'आशिओटो' नावाची चटई प्रत्यक्ष वापरली गेली. गर्दी मोजणारी चटई, पाणी मोजणारा अभियंता आणि नावा हाकणारा जवान ह्यांना एका वहीत आणायचे काम अजून शिल्लक आहे.

आम्ही भूगोलाच्या चार विद्यार्थ्यांनी गेल्या पावसाळ्यात आपल्यापुरता एक तक्ता करायला घेतला: एका रकान्यात मारुतीचा अवयव, दुसऱ्यात क्युसेक, तिसऱ्यात त्या पाण्याने बुडणारी जागा. पहिले दोन रकाने जमतील असे वाटते. तिसऱ्यात मात्र आम्ही अडलो. आमच्या इंदिरानगरातल्याच एका चौकाला महापालिकेचे नाव एक, रिक्षावाल्यांचे दुसरे, आणि जुने लोक तिथे पूर्वी असलेल्या मळ्यावरून हाक मारतात. आम्ही तिन्ही नावे लिहिली आणि त्यांच्यापुढे डिजिपिन लिहिला. आमच्या इमारतीचा संकेत मी जिन्याखाली, विजेच्या मीटरच्या पेटीच्या झाकणावर रंगाने लिहून ठेवला आहे. गेल्या महिन्यात मीटर वाचायला आलेल्या माणसाने तोच ग्राहक क्रमांक समजून उतरवून घेतला होता. आता त्याच्यावर "पत्ता" असेही लिहिले आहे.